हनुवटीपर्यंतचं पाणी

गुरुवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी पाणी त्याच्या हनुवटीला लागलं आणि तलाव वाचला. पण असं काही झालेलं नाही. आपण हे ऐकलेलं नाही, आणि तो तर अजून मंगळवारच्या सकाळी दवाखान्यातल्या उंचीच्या पट्टीखाली, मोजे काढून, टाचा भिंतीला लावून उभा आहे. गुरुवार नावाचा एक वार असतो हेसुद्धा त्याच्या डोक्यात नाही. डॉक्टरीणबाईंनी पट्टी खाली सरकवली, ती त्याच्या टाळूला टेकली, दरवर्षीसारखीच गार. त्यांनी आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"दीड सेंटिमीटर कमी."

"कशात?"

"तुमच्यात."

त्याने मान खाली घालून पायांकडे पाहिलं. पाय जिथल्या तिथे होते. बाई समजावू लागल्या की मणक्यांच्या मध्ये गाद्या असतात, वय झालं की त्या बसतात, सगळ्यांच्याच बसतात, घाबरायचं कारण नाही. "सगळ्यांच्या बसल्या तर हरकत नाही," तो म्हणाला, "माझ्या बसून चालत नाही." त्यावर बाई हसल्या, कारण हा माणूस काय काम करतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तो मोजणीचा माणूस होता. पाण्याचं खातं मोठं, त्यात वाहत्या पाण्याचं कार्यालय वेगळं आणि उभ्या पाण्याचं वेगळं. पाणी चालू लागलं की खातं बदलतं. उभ्या पाण्याच्या कार्यालयात बावीस वर्षं तो एकच काम करत आला होता: पाण्याच्या मधोमध जाऊन उभं राहायचं. पाणी घोट्यापर्यंत आलं तर थारोळं. गुडघ्यापर्यंत डबकं, कमरेपर्यंत डबरं, छातीपर्यंत तळं, हनुवटीला लागलं तर तलाव, आणि मोजणीचा माणूस दिसेनासा झाला तर सरोवर. तळ्यापर्यंतचं सगळं बुजवायला कार्यालयाची हरकत नसते. तलावापासून पुढे हात लावता येत नाही. पूर्वी यासाठी काठी वापरत, पण काठ्या कमीजास्त लांबीच्या निघत, शिवाय ज्याला पाणी खोल दाखवायचं असेल तो काठी खालून कापून आणी. माणूस खालून कापता येत नाही, म्हणून माणूस नेमला. त्यासाठी नव्वद उमेदवारांना ओळीत उभं करून उंचींची बेरीज केली, नव्वदने भागलं, आणि आलेला आकडा हातात धरून तेव्हाचे साहेब ओळीतून चालत आले ते बरोबर त्याच्यापाशी थांबले. घरी सांगितल्यावर वडील म्हणाले, "चला, कशाच्या तरी मध्ये तरी आलास." आईने विचारलं होतं, सरासरी म्हणजे वाईट का रे? तेव्हापासून कार्यालयात त्याला सगळे 'मापटं' म्हणत, नवीन माणसं आदराने 'मापटेसाहेब' म्हणत, आणि पगारपत्रकात एकदा तेच आडनाव म्हणून छापूनही आलं होतं. त्याने ते बदलून घेतलं नाही. नाव बदलायचा अर्ज तीन प्रतींत असतो.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्याला वाटलं होतं तसं वाईट वाटेना. पायरी जरा उंच लागली, की तसा भास झाला. फुटपाथवरून जाणारी माणसं, सिग्नलचा खांब, औषधाच्या दुकानाची पाटी, सगळं दीड सेंटिमीटरने वर गेलं होतं आणि कोणी काही बोलत नव्हतं. कुठे गेलं असेल ते दीड सेंटिमीटर? माणसाची छत्री हरवते तेव्हा ती कुठेतरी असते तरी. त्याने विनाकारण खिसे चाचपले. मग एका बंद दुकानाच्या काचेत स्वतःला पाहताना त्याच्या एकदम लक्षात आलं, आणि पोटातून वर एक गुदगुली आली, जशी गार पाणी बरगड्यांना लागल्यावर येते: आपण कमी झालो म्हणजे पाणी वाढलं. जगातलं सगळं उभं पाणी आज सकाळी साडेदहापासून दीड सेंटिमीटर खोल झालं. म्हणजे घरामागचंसुद्धा.

घरामागच्या पाण्याला घरात एक नाव नव्हतं. आई तळं म्हणायची, बायको डबकं म्हणायची, बिल्डिंग नवी होती तेव्हाच्या रंगीत कागदावर 'लेक' म्हटलं होतं आणि त्याचे पैसेही वेगळे घेतले होते. तो स्वतः 'मागचं पाणी' एवढंच म्हणे. हलवायाने घरी मिठाईवर बोलू नये तसं. बारा वर्षांपूर्वी त्यानेच ते मोजलं होतं. तेव्हा खालच्या ओठाला लागलं होतं, म्हणजे तलाव, आणि तशी नोंद होती. पण शनिवारी फेरमोजणीचा अर्ज टेबलावर आला. बिल्डिंगच्या सेक्रेटरींनी लिहिलं होतं की गाळ साचून पाणी उथळ झालं आहे, डास आहेत, गाड्या लावायला जागा नाही, तरी दर्जा तपासून बुजवण्याची परवानगी मिळावी. खाली अडतीस सह्या होत्या. सत्ताविसावी सही बायकोची होती. शेवटच्या अक्षराची शेपटी तिने नेहमीसारखी उजवीकडे लांबवर नेली होती, जणू सही करताना कोणीतरी हाक मारली असावी. रविवारी पहाटे त्याने फरशी पुसायच्या दांड्यावर आपल्या हनुवटीची खूण केली, सरकारी उंचीप्रमाणे, आणि मागच्या बाजूने पाण्यात जाऊन दांडा मधोमध उभा धरून पाहिला. पाणी खुणेच्या खाली एक बोट राहिलं. एकच बोट. तो तसाच ओला घरी आला आणि फरशी पुसून टाकली, म्हणजे कोणी विचारायला नको.

एक बोट म्हणजे दीड सेंटिमीटर. हे गणित त्याने मंगळवारी रस्त्यावर उभ्याउभ्या चार वेळा केलं आणि चारही वेळा तेच उत्तर आलं, जे त्याच्या बाबतीत शाळेत कधी झालं नव्हतं. फायदा होतोय तो न वाकता, न खोटं बोलता, निव्वळ वय झाल्यामुळे! गढूळ पाण्यात गुडघे वाकवले तर काठावरून कोणाला दिसत नाही. बावीस वर्षांत हा विचार त्याला अनेकदा येऊन गेला होता, आणि दर वेळी त्याने गुडघे आणखी ताठ केले होते. त्यामागे एक जुनी गोष्ट होती. नऊ वर्षांचा असताना वडिलांनी त्याला केसांना धरून कुठल्याशा खोल पाण्यात उभं केलं होतं आणि विचारलं होतं, "टेकले का पाय?" पाय कुठेच टेकले नव्हते. खाली फक्त गार, आणि त्याखाली आणखी गार. तो म्हणाला, टेकले. वडिलांनी हात सोडला. पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवतं: हिरवा उजेड, नाकात शिरलेलं पाणी, आणि वर ओढल्यावर वडिलांचा चेहरा, रागावलेला नव्हे, तर हिशेब चुकल्यासारखा. त्या दिवसापासून पाय टेकल्याशिवाय त्याने टेकले असं कुठेही म्हटलं नाही, ना पाण्यात, ना लग्नात, ना परीक्षेत. तळ त्याला बोटांनी ओळखू येत. रेतीचा तळ लगेच भेटतो, गोट्यांचा तळ उगाच भांडतो, गाळाचा तळ 'या, बसा' म्हणतो आणि मग उठू देत नाही. पाण्यात उभं असताना तो काहीही विचार करत नसे. इतका वेळ काही विचार न करण्याचे पैसे मिळणारा शहरात दुसरा कोणी असेल तर मंत्रीच असेल, असं कार्यालयातल्या नोंदणीच्या बाई म्हणायच्या.

दुपारी कार्यालयात साहेबांनी दवाखान्याचा कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. मागची बाजू कोरी होती, ती त्यांनी जास्त वेळ पाहिली.

"मापटे, हे काय करून ठेवलंत?"

"मी काही केलं नाही साहेब. बसलं आपोआप."

"अहो, तुम्ही दीड सेंटिमीटर कमी झालात तर काल जी तळी होती ती उद्या तलाव होतील. लोक नकाशे घेऊन दारात येतील. मी नोंदवह्या बदलू की तुम्हाला?"

"दुसरा माणूस नेमता येईल," तो म्हणाला. "शिवाय तिथे मी राहतो. माझ्या घरामागचं पाणी मीच मोजणं बरं दिसत नाही."

"दुसरा सरासरी माणूस आणू कुठून? हल्ली सगळे कमी तरी आहेत नाहीतर जास्त तरी." साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. त्यांचं बोट ओळींवरून चालत गेलं आणि एका जागी थांबलं. बावीस वर्षांपूर्वीच्या साहेबांचं बोटही असंच थांबलं होतं. "हे बघा. मापकाच्या उंचीत घट आढळल्यास ती कार्यालयाच्या खर्चाने भरून काढावी. बूट करून घ्या. तळ दीड सेंटिमीटर. बिल जोडा."

गुदगुली गेली. तिच्या जागी एक बोट राहिलं, आडवं, पोटात.

संध्याकाळी बायको दातांच्या डॉक्टरकडचं काम आटोपून आली. ती तिथे लोकांना 'दोन मिनिटं बसा' म्हणायची, दिवसभर. तो खिडकीत उभा होता. तिने त्याच्याकडे वरून खाली पाहिलं, पूर्वीच्या मानाने जरा लवकर पाहून झालं.

"कमी झालात ना? मला सहा महिन्यांपासून वाटत होतं. पँट लोळते तुमची."

"सांगायचं नाही का?"

"म्हटलं वाढेल परत." तिने पर्स खुंटीला अडकवली. "आणि असे तोंड पाडून उभे राहू नका. आहात तेवढे पुरे आहात."

"तू त्या अर्जावर सही केलीस."

"केली. डास काय तुम्हाला चावत नाहीत, तुम्ही सरकारी माणूस. मला चावतात. गाडी रोज दोन गल्ल्या पलीकडे लावून येते मी. डबकंच आहे ते, तुम्ही काहीही म्हणा."

"मी काहीच म्हणत नाही."

"तेच तर! बावीस वर्षं पाण्यात उभे राहता आणि घरी कधी पाण्यावर चकार शब्द नाही."

तेव्हा त्याने तिला आईच्या खोलीबद्दल सांगितलं. सांगायला त्याला वेळ लागला, कारण त्यालाही ते महिन्याभरापूर्वीच कळलं होतं, ताप आला म्हणून दुपारचा घरी होता तेव्हा. आईच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालं होतं. नजरेचा मधला भाग गेला होता, कडा तेवढ्या राहिल्या होत्या. समोरचा माणूस तिला दिसत नसे, त्याच्या आजूबाजूचं दिसे. "तुझा चेहरा सोडून सगळं छान दिसतंय," असं ती त्याला म्हणायची आणि स्वतःच हसायची. उजेड मात्र कळायचा. दुपारी चारच्या सुमाराला ऊन मागच्या पाण्यावर तिरपं पडतं, तिथून उसळून तिच्या खोलीच्या छतावर येतं आणि तासभर तिथे हलत राहतं. जाळ्या होतात, तुटतात, पुन्हा होतात, एखादी लांब रेघ पंख्यावरून उडी मारून पलीकडे जाते. आई उशी नीट करून, चष्मा काढून, त्याखाली पडून राहते. "आल्या," असं म्हणते. कोण आल्या ते सांगत नाही. पाच वाजता म्हणते, "गेल्या." आणि चहा मागते. त्या दिवशी तापात तोही खाली चटईवर पडून छताकडे पाहत होता आणि त्याला वाटलं, आपण तळाशी आहोत, पाय टेकलेले आहेत, आणि श्वास घेता येतोय. एवढं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्याने ताप दोन दिवस ओढला.

त्या वेळी बायको रोज कामावर असे, आणि सासू-सुनेत 'छत' हा विषय कधी निघाला नव्हता. तिने कणीक मळायला घेतली आणि गरजेपेक्षा बराच वेळ मळली.

बुधवारी चांभाराने बूट हातात घेऊन उलटे केले. "पाण्यात जायचे? मग रबर लावलं तर तरंगाल. लाकूड लावलं तर होडीच."

"मग काय लावता?"

"लोखंड लावतो. दीड सेंटिमीटर अख्खं. जड होईल हां, साहेब. पाय उचलताना देव आठवेल."

त्याने मान हलवली. बावीस वर्षं तो प्रत्येक पाण्यात अनवाणी उभा राहिला होता, त्यामुळे बूट घालून गाळात गेल्यावर काय होतं याचा विचार त्याच्या मनाला शिवला नाही, साहेबांच्या मनाला शिवला नाही, आणि चांभाराने गाळ हा शब्द ऐकलाच नव्हता. तो फक्त त्या एका बोटाचा विचार करत होता. रात्रभर आपल्या गुडघ्यांवर हात ठेवून झोपला, जसं कोणी खोडकर कुत्र्याचा पट्टा धरून झोपतं.

गुरुवारी काठावर अर्धी बिल्डिंग जमली. सेक्रेटरी घरातून खुर्ची घेऊन आले होते. नोंदणीच्या बाई होडीत, मांडीवर वही. साहेब सावलीत. तो लोखंडी बूट घालून पाण्यात उतरला तेव्हा प्रत्येक पावलाला खालून 'बुब' असा आवाज येत होता आणि पोरं हसत होती. घोटा, थारोळं. गुडघा, डबकं. कमरेशी आल्यावर त्याने नेहमीप्रमाणे श्वास घेतला. पोटाला पहिला गार स्पर्श होतो तिथे माणूस अजून माघारी फिरू शकतो. छाती. मधोमध लाल झेंडी लावली होती, तिथे तो उभा राहिला, नजर समोर, हनुवटी सरळ. पाणी हनुवटीखाली एक बोट होतं. दांड्याने सांगितलं होतं तसंच, बरोबर एक बोट. वर तिसऱ्या मजल्यावर आईच्या खोलीची खिडकी उघडी होती, आणि खिडकीत पाठ करून कोणीतरी उभं होतं. बायकोचा अंबाडा. या वेळी? ती तर आता लोकांना दोन मिनिटं बसवत असायला हवी. तिचं डोकं मागे कललं होतं. ती वर पाहत होती.

"स्थिर?" बाईंनी विचारलं.

"स्थिर," तो म्हणाला.

नियम असा की मापक स्थिर झाल्यावर शंभर आकडे मोजायचे आणि शंभराव्याला पाणी जिथे असेल ते लिहायचं. बाई मोजू लागल्या. गुडघे वाकायला आले. आतून कोणीतरी विचारलं, टेकले का पाय? नुसते एवढेसे वाकवायचे, एका बोटाचे, एका म्हातारीच्या एका तासाचे. त्याने मांड्या आवळल्या. आयुष्यात उभा राहिला नव्हता इतका ताठ उभा राहिला, आणि मनात म्हणाला, गेलं. वीस. एकवीस. सगळं पाणी शेवटी कुठेतरी जातंच. तिसाच्या सुमाराला त्याला वाटलं पाणी वर आलं. भास असेल. चाळिसाला पाणी हनुवटीखाली अर्ध्या बोटावर आलं. तो हलला नव्हता. गुडघे सरळ, टाचा जुळलेल्या, आणि तरीही खालचा गाळ, 'या, बसा' म्हणत, लोखंडाला हळूहळू आत घेत होता, पाहुण्याची बॅग हातातून काढून घ्यावी तसा. साठ. पासष्ट.

"अहो, तो खाली चाललाय!" सेक्रेटरी खुर्चीतून उठले. "साहेब, ही फसवणूक आहे! बुडतोय तो!"

साहेबांनी पुस्तक उघडलं. बाई मोजतच होत्या. मोजणी मध्ये थांबवली तर पहिल्यापासून करावी लागते. "मापक वर उचलला गेल्यास नोंद रद्द," साहेबांनी वाचलं. पान उलटलं. पुन्हा मागे आले. "खाली जाण्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

"मग तुम्ही लिहा ना!"

"मी लिहायचं असतं तर मी साहेब कशाला झालो असतो?"

त्र्याऐंशीला पाणी हनुवटीला लागलं. त्याला हसू आलं. "हसू नका, हनुवटी हलते," बाई ओरडल्या, "चौऱ्याऐंशी." शंभराला पाणी खालच्या ओठावर होतं. साहेबांनी काठावरून विचारलं, मापकाची काही हरकत? मापकाला तोंड उघडता येत नव्हतं. "हरकत नाही," असं लिहून घेण्यात आलं. मग होडीतून त्याच्या काखेत हात घालून त्याला वर ओढलं. तो आला, बूट आले नाहीत.

घरात शिरला तेव्हा पायांखालची फरशी कोरडी आणि फार जवळ होती. बायको आईच्या पलंगाच्या कडेला बसली होती. तिने मान वळवली नाही, तिथूनच म्हणाली, "माझी सही खोडता येते का हो?"

"येते. तीन प्रतींत."

"उद्या देते," ती म्हणाली. मग म्हणाली, "डास मात्र आहेत हां."

"आहेत."

आई उशीवर पडूनच हसत होती. "अरे, आज काय झालं होतं रे बाहेर? गेले चार दिवस वारा नाही, तर नुसत्या येऊन गुमसुम बसत होत्या. आज काय पळत होत्या! भिंतीवर उतरल्या, कपाटावर चढल्या. आमच्या सूनबाई तर आडव्या पडल्या हसून."

तो दारात निथळत उभा राहिला. बायकोने टॉवेल फेकला, तो त्याच्या डोक्यावरून पलीकडे गेला. अंदाज जुन्या उंचीचा होता. शुक्रवारी सकाळी कार्यालयात पोचल्या पोचल्या त्याने कोरा कागद घेतला, समास पाडला, आणि लिहिलं:

प्रति,
मा. प्रमुख, उभे पाणी मोजणी कार्यालय.

विषय: तलावाची नियमित हालचाल होण्याबाबत.

महोदय,
वरील विषयान्वये विनंती करण्यात येते की, सदर तलाव नोंदवहीत कायम झाला असला तरी वारा पडलेल्या दिवशी त्याचे पाणी हलत नाही, व परिणामी तिसऱ्या मजल्यावरील छतावर काहीही घडत नाही. वारा हा विषय आपल्या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही याची अर्जदारास जाणीव आहे. सबब, अशा दिवशी दुपारी चार ते पाच या वेळेत एका सरासरी माणसास, अनवाणी, सदर पाण्यात कर्तव्यावर पाठवून, कोणतीही मोजणी न करता, अधूनमधून हात हलवण्याची पूर्ण पगारी परवानगी देण्यात यावी. परवानगीची मुदत अर्जदाराच्या आईच्या हयातीपर्यंत असावी, व सदर हयातीस कार्यालयाने वेळोवेळी मुदतवाढ द्यावी, ही नम्र विनंती.